हरळीचा बांध

गणपतीच्या डोक्यावर असली तर दूर्वा, शेतात असली तर हरळी, आणि साहेबाच्या बंगल्यापुढे असली तर लॉन. हे ज्ञान मला लग्न होऊन रोह्यात आल्यावर झालं.

आमचे हे रोह्याला कंपनीत होते. शिफ्ट संपवून येताना मोठ्या साहेबाच्या बंगल्यापुढचं लॉन बघत बघत यायचे. आम्ही लहानसा प्लॉट घेऊन घर बांधलं, आणि भिंतींना अजून गिलावा नाही तोवर ह्यांनी अंगणात लॉन लावलंसुद्धा! माझे सासरे, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, पेणच्या खाडीकडचे शेतकरी. ते घर बघायला आले आणि कपाळावर हात मारून दारातच उभे राहिले. "जल्मभर हरळी उपटून माझी नखं गेली, न् ह्या शाण्यानं ती मुद्दाम लावली!" मी इतकी हसले की आत चहा उतू गेला.

शेजारी काकी राहायची. नवरा गेलेला, मुलगा पनवेलला फ्लॅटमध्ये. तो सारखा "आई, चल तिकडे" म्हणायचा आणि काकीचं उत्तर ठरलेलं, "माझा वालाचा वाफा हाय तवर मी हितंच." तो वाफा आमच्या अंगणाला लागूनच होता. मध्ये भिंत नाही, नुसते चार दगड. त्यातल्या कडव्या वालांचं बिरडं केलं की वाटीभर माझ्याकडे यायचं. रोह्यात "जेवलीस का गो?" असं मला पहिल्यांदा कोणी विचारलं असेल तर काकीने. मला ती हवी होती, अगदी स्वार्थाने हवी होती.

आणि हरळी निघाली तिच्याच वाफ्यात. चार दगडांना ती काय भीक घालणार! काकी रोज सकाळी उपटायची आणि रागाने आमच्या बाजूला भिरकावायची. पडेल तिथे ती मूळ धरायची. ह्यांना तर आनंदच. "बघ, कोपऱ्यातली मोकळी जागा आपोआप भरली." म्हटलं, आपोआप नाही हो, काकीच्या शिव्या खाऊन भरली आहे ती.

मग एका थंडीत हरळीने वाल गिळलेच. शेंगा धरल्या त्या नावाला. त्या वर्षी बिरड्याची वाटी आली नाही. काकी म्हणाली, "कंबर नाय वाकत गो माझी आता. वाफा सोडते. जाते पोराकडं." उन्हाळ्यात ती "राहून बघते" म्हणून पनवेलला गेली. तिच्या दाराचं कुलूप बघून मला रडूच फुटलं. ह्यांच्यावर मी असा काही तोंडाचा पट्टा सोडला, की शिफ्ट नसताना ते कंपनीत जाऊन बसले.

मी आबांना बोलावून घेतलं. "दर्याला अडवला मी," आबा म्हणाले, "हरळीचं काय घेऊन बसलीस?" खाडीचं खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून बांध घालण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी दोन्ही घरांच्या मध्ये गुडघाभर उंचीचा मातीचा बांध घातला. ओल्या मातीचे थरावर थर, पायाने तुडवून, धोपटून धोपटून. मी माती वाहिली, ह्यांनी शिक्षा म्हणून पाणी. काम संपल्यावर आबा मागे हात बांधून उभे राहिले. "पावसात धुपायला नको," असं म्हणाले आणि त्यांच्या गावी प्रत्येक बांधावर करतात तसंच, सवयीने, वरून गवत लावून टाकलं. गवत कुठलं? अंगणातलंच की! मीच तर मुळांसकट काढून हातात दिलं. तिघंही शेतकऱ्याच्या पोटची, आणि एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

आषाढात काकी उरलेलं सामान न्यायला आली. आबाही बांध पावसात टिकला का ते बघायला आले होते. मी तिला पिशवीसकट ओढत नेलं. "बघ काकी, आता कशी येते तुझ्या वाफ्यात!"

बांध हिरवागार. आणि बांधावरून पलीकडे उतरून हरळी काकीच्या वाफ्यात निवांत पाय पसरून बसलेली.

काकी बघतच राहिली. मग आबांकडे वळली. "माझं माहेर जोह्याचं, मूर्ती घडवणाऱ्यांचं. आमच्यात मातीचा गणपती करतात न् मंग दूर्वा वाहतात. तुमी गणपती विसरलात न् मातीलाच वाहिल्यात व्हय?" आणि जी हसत सुटली, ती त्या बांधावरच बसली. "कुंपणानंच शेत खाल्लं गो बाय, कुंपणानंच!" आबा लालेलाल. मला लाज वाटली, पण काकी हसतेय म्हणून बरंही वाटलं.

हसून झाल्यावर काकीने पिशवी ओट्यावर ठेवली आणि पदर खोचला. "कुदळ आण." बांध पाडला, त्या जागी चर खणला. तिच्या परसात जुनी कौलं पडली होती, ती चरात एकमेकांना चिकटवून उभी पुरली, कडा जेमतेम वर ठेवून. खालची मुळं अडली. वरून येणारे धुमारे मात्र दर रविवारी विळ्याने छाटायचे. कौलांच्या अलीकडे मी बसायची, पलीकडे काकी, आणि मध्ये गावभरच्या गप्पा.

दिवाळी झाल्यावर मुलगा गाडी घेऊन तिला कायमचं न्यायला आला. वाल नुकते उगवून वर आले होते. "आई, वाफा काय, कोणीही बघेल," तो म्हणाला.

काकीने विळा सोडला नाही. "वाफ्याचं नाय रे. ह्यांची हरळी हाय. येक रविवार चुकला तर कौलं वलांडते. हिला येकटीला आवरणार हाय का?" हिला म्हणताना विळ्याचं टोक माझ्याकडे. मुलगा चहा पिऊन रिकाम्या गाडीने परत गेला.

संध्याकाळी आमचे हे, बिचारे फार चांगल्या मनाने, म्हणाले, "मी म्हणतो, लॉन काढून फरशीच टाकू. काकींचा त्रास तरी वाचेल."

"त्या हरळीच्या एका काडीला हात लावून तर बघा!" मी अशी ओरडले की पलीकडे काकीने दार उघडलं.

पाऊस संपून माती सुकायला लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, काकी उठायच्या आत, मी कळशी घेऊन बाहेर गेले आणि कौलांच्या कडेकडेने हरळीला पाणी घातलं.