धावड्याचा पांढरा थर

फोन नसीमाआपांच्या धाकट्या भावाचा होता. "आपा गेल्या," एवढंच म्हणाला. मी अंबडच्या बसस्टँडवर उभा होतो. रडू आलं नाही, राग आला. महिना होत आला, तो अजून उतरलेला नाही.

आपा आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. मी त्यांचा विद्यार्थी, पुढे सहकारी. पहिल्याच वर्षी त्यांनी आम्हाला धावड्याजवळच्या एका जुन्या खाणीत नेलं. वर काळा दगड, खाली काळा दगड आणि मध्ये वीतभर पांढुरका थर. त्यात नखाएवढ्या गोगलगायींचे शंख... पार दगड झालेले. "खालचा लाव्हा थंड झाला," आपा म्हणाल्या, "त्याच्यावर तळं साचलं. शेवाळ आलं, गोगलगायी आल्या. मंग दुसरा लाव्हा आला अन् सगळं गाडून गेला. तरी जीव हरला न्हाई. मुळांनी, जंतूंनी हाच दगड कुरतडून आपली काळी माती केली. तुझा बाप कापूस कशात लावतो रे?" त्या दिवसापासून मी आमच्या वावराकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

पुढे नव्या रस्त्याच्या खडीसाठी खाणीचा ठेका नव्या माणसाकडे गेला. निवृत्त झालेल्या आपा दुखरे गुडघे घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत राहिल्या. मागणी केवढी? पांढऱ्या थराची एवढी एक भिंत सोडा, बाकी डोंगर न्या. एक साहेब हसून म्हणाले, "मॅडम, मेलेल्या गोगलगायींसाठी रस्ता थांबवू का?"

"रस्ता बिलकुल थांबवू नका. पण जी हवा छातीत घेऊन तुम्ही हसून राह्यले ना साहेब, ती शेवाळासारख्या जिवांनी घडवली. जमिनीनं जीव घडवला, जिवानं जमीन. पोरांना हे डोळ्यांनी कुठं दाखवू मी?"

साहेबांनी चहा मागवला. चहा!

सुनावणीची तारीख मिळाली आणि तिच्या आदल्याच दिवशी सुरुंग लागले. आम्ही पोचलो तेव्हा भिंत नव्हती. आपा धुळीत बसल्या, हातानं चाचपत राहिल्या. "लाव्ह्यानंसुद्धा तळ्याला जगायला वेळ दिल्ता रे," त्या म्हणाल्या, "यांनी लई जल्दी केली." त्यानंतर त्या फारशा घराबाहेर पडल्याच नाहीत. डॉक्टर म्हणतात, हृदय. म्हणोत.

कॉलेजातल्या शोकसभेला तोच ठेकेदार आला. आपांच्या घरात फोटोला हार घालत नाहीत, हेही त्याला ठाऊक नव्हतं. हार घालून म्हणाला, "मॅडमचं आपल्या मातीवर फार प्रेम होतं." मी उठलो, हार काढला आणि त्याच्या हातात दिला. "ती माती तुमच्या डंपरात गेली," म्हटलं. नंतर चार जण समजवायला आले, अशा प्रसंगी असं बरं दिसत नाही म्हणून. सुरुंग लागले तेव्हा हे चौघं कुठं होते?

आपांची एक सवय होती. अनोळखी दगड सापडला की आधी जिभेला लावायच्या. ओला झाला की त्याच्या पोटातलं दिसतं म्हणायच्या. आम्ही "आपा, घाण!" म्हणून ओरडायचो... परवा धावड्याच्या नव्या रस्त्यावर गाडी थांबवली. कडेच्या खडीतला एक खडा उचलला, जिभेला लावला. डांबराची कडू चव आली.

मी दुसरा खडा उचलला.