गजांतून जाणारा फोन

आमच्या शेजारचा माणूस बायकोला मारायच्या आधी टेपरेकॉर्डर मोठा करायचा. त्यामुळे भरदुपारी गाणी लागली की बोळिंजच्या आमच्या अख्ख्या मजल्याला कळायचं. मधली भिंत पातळ. तिकडे काही आपटलं की इकडे माझं कॅलेंडर खिळ्यावर हलायचं. पट्ट्याचा आवाज वेगळा, लाटण्याचा वेगळा, आणि डोकं भिंतीवर आपटतं तो आणखी वेगळा. या ज्ञानाचं मी काय करणार होते देव जाणे, पण मी ते मिळवलं होतं. पंचेचाळिशीची होते, स्वतःला फार धीट समजायचे. धीटपणा कसला, तर भिंतीवर तळहाताने थापा मारायच्या. तो क्षणभर थांबायचा आणि मग पुन्हा सुरू करायचा. माझ्या थापांनी त्याला ठेका मिळत असणार.

त्याची बायको जवळच्या निर्मळ गावातल्या केळीच्या वाडीवाल्यांची मुलगी. त्याची कारखान्यात पाळी असायची आणि कामाला जाताना तो बाहेरच्या जाळीच्या दाराला, ज्याला आम्ही ऐटीत सेफ्टी डोअर म्हणायचो, कुलूप घालून जायचा. आतलं लाकडी दार तिला उघडता यायचं. तेवढ्या उघड्या जागेत, मध्ये लोखंडी गज ठेवून, आम्ही दोघी बोलायचो. तिच्या डोळ्याखालचं निळं पिवळं व्हायला लागलं की मी म्हणायचे, "आता बरं दिसतंय हो." तोवर दुसरीकडे नवं निळं आलेलं असायचं.

"काकू, बाबांना सांगा ना," ती म्हणायची.

बाबांना मी सांगितलं नव्हतं असं नाही. त्या वेळी मजल्यावर फोन फक्त आमच्याकडे, म्हणून आजूबाजूचे सगळे नातेवाइकांना आमचाच नंबर देऊन ठेवत. पीपी नंबर म्हणायचे त्याला. निर्मळहून तिच्या वडिलांचा फोन आला की माणसाला हाक मारून आणायची आमची रीत. तिला हाक मारून आणणार कशी? मी म्हणायचे, "तिला येता येत नाही. बाहेरून कुलूप आहे. तो मारतो तिला."

वडील शांतपणे म्हणायचे, "जावई तर म्हणतात, शेजारीण तिला काहीबाही भरवते."

वर जावई महिन्या-दोन महिन्यांनी तिला लांब बाह्यांचं पोलकं घालून माहेरी नेऊन आणायचा. सासूच्या पाया पडायचा, वाडीत जाऊन केळीचे घड उचलू लागायचा. तिच्या शेजारून मात्र एक क्षण उठायचा नाही. आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा असा माझा लौकिकही नव्हता. दुसऱ्यांचे फोन चालू असताना मी तिथेच बसून वाटाणे सोलायचे, हे निर्मळपर्यंत पोचलं होतं.

"तिच्या तोंडून ऐकू दे," वडील शेवटी म्हणाले. "मग बघतो."

म्हणजे सगळं एवढ्यावर येऊन थांबलं होतं. ती स्वतः बोलली तर माहेर दार उघडणार. नाही तर एक दिवस टेप बंद झाल्यावरही तिकडून काही आवाज येणार नाही, ही मला भीती होती.

आमचा फोन हॉलमध्ये टीपॉयवर, मी स्वतः विणलेल्या क्रोशाच्या टोपड्याखाली बसलेला. वायर दारापर्यंतही पोचत नव्हती. आमचे हे म्हणाले, "लांब वायर जोडून घेऊ." पण पॅसेजमधून तिच्या दारात जाणारी वायर जिना चढताना कोणालाही दिसली असती. मी म्हटलं, कॉर्डलेस घेऊ. आणखी एक कारण होतं, ते मी ह्यांना सांगितलं नाही. मला गॅलरीत उभं राहून, एक हात कमरेवर ठेवून, बिनवायरीच्या फोनवर बोलताना समोरच्या इमारतीने बघायला हवं होतं. परोपकार आणि मिरवणं, दोन्ही मी एकाच पिशवीत घालून निघाले.

निघण्याआधी माप घेतलं. गजांमधली फट चार बोटांहून कमी. मोजायची टेप घरात सापडेना, म्हणून हाताला येईल ते घालून बघितलं. बटाटा गेला नाही. चष्म्याची डबी गेली. मग धुण्याच्या साबणाची अर्धी झिजलेली वडी नेली, ती घासत घासत बरोब्बर पलीकडे गेली.

ती हसली. किती दिवसांनी. "काकू, साबण आहे माझ्याकडे."

"परत दे," मी म्हटलं. "दुकानात न्यायचाय."

विरार स्टेशनजवळच्या दुकानात काचेच्या कपाटात सहा-सात कॉर्डलेस उभे होते. दुकानदार तरुण, केसांना जेल, बोलण्यात इंग्रजी.

"मॅडम, हा घ्या, रेंज एक नंबर. खाली गेटपर्यंत चालेल."

"जाडी किती?"

"जाडी?"

मी पर्समधून साबण काढून काउंटरवर ठेवला. "एवढा असेल तर दाखवा. यापेक्षा जाड नको."

त्याने साबणाकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. हे रस्त्यावरच्या रिक्षा बघण्यात गढून गेले होते.

"मॅडम, फोनवर कपडे धुणार का?"

"धुणारच आहे कोणाला तरी. तुम्ही काढा."

त्याने एकेक हँडसेट काढून साबणाशेजारी आडवा ठेवला. सगळ्यात देखणा, हस्तिदंती रंगाचा, आमच्या पडद्यांना शोभणारा होता तोच सगळ्यात गबदुल. मी त्याला उगाच दोनदा साबणाला लावून बघितलं, जसा काही तो लाजेने बारीक होणार होता. शेवटी बसला तो एक काळा, चपटा, रिमोटसारखा दिसणारा कुरूप तुकडा. धातूची ओढून काढायची एरियल असलेला दुसरा होता, पण ती गजाला लागून वाजली असती. याला बोटभर रबरी एरियल.

"याची घंटी बंद करता येते?"

"घंटी बंद करायला फोन कोण घेतं, मॅडम?"

"मी घेते."

बटण होतं. मग तो बाकीच्या वस्तू मांडायला लागला. चामड्याचं कव्हर नको म्हटलं, जाडी वाढते. कमरेला अडकवायची क्लिप त्याने फुकट दिली, ती स्क्रूड्रायव्हर मागून तिथेच काढून टाकली. जादा बॅटरी घेतली. भिंतीवर टांगायचं स्टँड नको. आणि पॅरललसाठी वायर आणि छोटी डबी घेतली, म्हणजे जुना फोन आतल्या खोलीत त्याच लाइनवर चालू राहील. ह्यांना वाटलं, रात्री उठायला नको म्हणून. मला कोणाचं काय बोलणं चाललंय ते आत बसून ऐकायचं होतं. सवयीची गुलाम, दुसरं काय.

संधी आठवड्याने आली. त्याची सकाळची पाळी होती. मी निर्मळला फोन लावला, वडिलांना म्हटलं, "बोला," आणि हँडसेट आडवा करून गजांतून दिला. घासला, पण गेला. ती तो दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरात गेली. मी धावत आतल्या खोलीत गेले आणि पॅरलल कानाला लावला.

आणि ती काय बोलली असेल? आईचा गुडघा कसा आहे विचारलं. सोनकेळीला यंदा घड कसे धरलेत विचारलं. मी रिसीव्हरवर हात ठेवून दात-ओठ खात होते.

वडील म्हणाले, "तू बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"मग ती बाई म्हणते ते?"

तिने पुन्हा आईच्या गुडघ्याचं काढलं. वडील म्हणाले, "संसारात होतं थोडं. सांभाळून घ्यायचं."

तेवढ्यात बाहेर जाळीचं कुलूप वाजलं. कारखान्यात काही बंद पडलं होतं म्हणून की काय, तो लवकर आला होता. तिला फोन बंद करायला वेळ होता, ते बटण मीच शिकवलं होतं. तिने बंद केला नाही. पिठाचा मोठा स्टीलचा डबा नुकताच रिकामा झाला होता, त्यात उभा ठेवला. झाकण लावलं नाही. हे तिने मला नंतर सांगितलं. त्या वेळी मला फक्त खण्ण असा आवाज आला आणि पाठोपाठ गाणं सुरू झालं, एकदम मोठं.

"हे काय वाजतंय?" वडील विचारत होते.

मी म्हटलं, "मी शेजारीण बोलतेय. फोन ठेवू नका. आता कळेल."

"दारात कोणाशी बोलत होतीस?" हा त्याचा आवाज. मग पट्टा. भिंतीतून एक आवाज येत होता आणि रिसीव्हरमधून दुसरा, तोच, डब्यात घुमून मोठा झालेला. "दार उघडं का होतं?" पुन्हा पट्टा. ती ओरडत नव्हती, फक्त श्वास तुटल्यासारखा येत होता. मग भांडी कोसळली आणि डोकं भिंतीवर आपटलं. माझं कॅलेंडर खिळ्यासकट खाली आलं.

"सांग बापाला," तो म्हणत होता. "जा, सांग. तुझा बाप मला विचारल्याशिवाय तुझी खुशालीसुद्धा विचारत नाही. त्याने टाकलीय तुला. इथे मारून टाकली तरी तो मलाच येऊन मिठी मारेल."

वडिलांकडून काही आवाज नव्हता. मला वाटलं ठेवला त्यांनी. मग कॅसेटमधलं गाणं संपलं, दुसरं सुरू व्हायच्या आधीची ती शांतता आली, आणि त्या शांततेत वडील असे ओरडले की माझ्या कानाला दडा बसला.

"सोड तिला."

पिठाच्या डब्यातून सासऱ्याचा आवाज आला तेव्हा त्या माणसाचं तोंड कसं झालं असेल, ते बघायला मिळालं नाही याची हळहळ मला आजही आहे. त्याने डबा उलथा केल्याचं ऐकू आलं. मग हँडसेट कशावर तरी आदळला आणि आता मात्र ती किंचाळली. तिच्या मनगटावर आदळला होता, आणि मग फरशीवर. रिसीव्हरमध्ये नुसती खरखर उरली.

"मोडला त्याने फोन," मी म्हटलं.

"निघालो," वडील म्हणाले.

पुढचा भाग माझ्या शौर्याचा, म्हणून थोडक्यात सांगते. तो आमच्या दारावर आला. लाथा घालायला लागला, मला शिव्या देत, "बाहेर ये, तुला दाखवतो फोन." मी खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उचलला आणि दाराआड उभी राहिले. हात इतका कापत होता की बत्ता सुटला तो माझ्याच पायावर. अंगठ्याचं नख उपटलं. भिंतीच्या आमच्या बाजूचं सगळं रक्त त्या दिवशी मीच सांडलं, आणि ते माझ्याच हातून.

खालून सेक्रेटरी आले. "घरगुती मामला आहे, दार तोडू नका," असं त्याला समजावून सांगू लागले. तो परत आपल्या घरात गेला आणि दोन्ही दारं लावून घेतली. मग टेपही नाही, आवाजही नाही. मी भिंतीला कान लावला. थापा मारल्या. काही नाही. ती वेळ मला अजून आठवायला आवडत नाही, म्हणून पुढे जाते.

शेवटी खाली स्कूटर थांबली आणि मागून मोटरसायकल. वडील आणि दोन भाऊ, तिघेही वाडीतून उठून तसेच आलेले, सदऱ्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. वडिलांच्या हातात घड उतरवायचा कोयता. सेक्रेटरी म्हणाले, "हे पाहा, सोसायटीत हत्यार..."

"बाजूला व्हा," वडील म्हणाले. "माझा हात ताब्यात नाही. चुकून लागेल."

थोरल्या भावाने गजांत हात घालून जाळीची कडी काढली. कोयत्याचा पहिला घाव लाकडी दारावर बसला तसं दार आतून उघडलं. जावई केस विंचरून उभा होता. "या ना बाबा," तो म्हणाला. "आत या, बसा."

भावाने त्याला बसवलाच. कानाखाली अशी दिली की तो चपलांच्या स्टँडवर पडला, धाकट्याने गचांडी धरून जिन्यात ओढला, आणि मग दोघांनी मिळून त्याला पायऱ्या दाखवल्या. नाकातून रक्त, एक दात कठड्याखाली. आमच्या मजल्यावरच्या बायका बघत होत्या. कोणी मध्ये पडलं नाही. मीही नाही. एका पायावर उभी राहून बघत होते, आणि मला बरं वाटत होतं, ते कशाला लपवू.

वडील आत गेले. ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती, मनगट नको त्या दिशेला वळलेलं, केसांत पीठ आणि रक्त. त्यांनी तिला बघितलं आणि मागे फिरले, कोयता उचलून, जिन्याकडे. ती चाल मला समजली. भाऊ बाजूला झाले. जिन्यात पडलेल्यालाही समजली असावी, कारण त्याने दोन्ही हात मानेवर घेतले.

"बाबा," ती आतून म्हणाली. आवाज अगदी रोजचा. "माझ्या चपला द्या आधी."

ते थांबले.

"कपाटात आहेत. तो कुलपात ठेवतो. किल्ली त्याच्याकडे असते."

त्यांनी कोयता खाली केला. मग वळून आत गेले आणि कोयत्याने कपाट फोडलं. तेवढ्यासाठी लागले नसते इतके घाव घातले. आरसा फुटला, पत्रा फाटला. मग खाली बसून मुलीच्या पायांत चपला घातल्या. ती त्यांच्या खांद्याला धरून उतरली. जिन्यात त्याच्या अंगावरून ओलांडून गेली, त्याच्याकडे बघितलंही नाही.

महिन्याभराने त्याच्याकडची वडीलधारी मंडळी निर्मळला बोलणी करायला गेली. तिच्या वडिलांनी मला साक्षीला बोलावलं. मी गाडीवर बसून गेले, नवी साडी, अंगठ्याला पट्टी, आणि तोंडात पाठ केलेलं भाषण, पट्ट्याच्या नि लाटण्याच्या आवाजातल्या फरकासकट. ती ओटीवर बसून, हात प्लास्टरमध्ये, डाव्या हाताने मोगऱ्याच्या कळ्या वेगळ्या करत होती.

मंडळींचा म्होरक्या बराच वेळ बोलला. मुलगा चुकला, आता सुधारलाय, दोन्ही बाजू ऐकायला हव्यात.

वडील म्हणाले, "मी ऐकलंय."

म्होरक्या पुढचं बोलायला लागला तेव्हा ते पुन्हा एवढंच म्हणाले. मी घसा खाकरला, माझ्याकडे कोणी बघितलं नाही. मग मंडळी घरच्या बाईच्या तोंडाकडे बघत राहिली, वाडीवाल्यांच्या घरातून कोणी चहाशिवाय उठत नाही म्हणून. तिची आई, जिच्या हा जावई पाया पडायचा, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठली आणि दारातून बाजूला झाली, जायला वाट करून.

"चहा ठेवलेला नाही," ती म्हणाली.

मंडळी उठली. चपला शोधायला त्यांना जरा वेळ लागला. ओटीवरून कळ्यांची टोपली उचलत ती मला म्हणाली, "काकू, तुम्ही बसा. तुमचा ठेवते."