दोन मजल्यांमधला सल्ला

त्या दवाखान्यात डॉक्टरांचे सर्वांत जास्त सल्ले कोणी घेतले असतील तर ते लिफ्टमावशींनी. आणि इतके सल्ले घेऊनही तब्येतीची बोंब होती, कारण त्यांतला एकही धड पुरा झालेला नव्हता.

मावशी लिफ्टमध्ये स्टुलावर बसत. तळमजला ते पाचवा, पाचवा ते तळमजला, हा त्यांचा दिवस. बेताची उंची, भरलेलं अंग आणि आवाज असा खणखणीत, की दुसऱ्या मजल्यावरून "आले, आले!" म्हणाल्या की चौथ्यावरच्या माणसाला धीर यावा. त्यांना बीपी होतं आणि जोडीला साखर. दवाखान्यातले झाडून सगळे डॉक्टर रोज आपल्या पायांनी चालत त्यांच्यासमोर येऊन उभे राहात होते. अशा वेळी बाहेर रांगेत ताटकळायला मावशी काही खुळ्या नव्हत्या.

"डॉक्टर, सकाळी उठले की डोकं जड असतं हो."

"मीठ कमी करा, मावशी. आणि हे बघा, मुख्य म्हणजे..."

तिसरा मजला आला. दार उघडलं. मुख्य गोष्ट डॉक्टरांबरोबर बाहेर निघून गेली.

चौथ्या मजल्यावरचे हृदयाचे डॉक्टर मात्र मावशींना रीतसर तपासत. कागद त्यांचा, गोळ्या त्यांच्या. उंच, कमी बोलणारा, मनानं चांगला माणूस. पण त्यांच्या खोलीबाहेर ही गर्दी असे, आणि मावशींचाही एक पाय दाराबाहेर, कारण खाली लिफ्ट खोळंबलेली. पट्टा बांधायचा, आकडा बघून डॉक्टरांनी भुवया वर करायच्या, एक गोळी वाढवायची आणि मावशींनी पळत सुटायचं. गोळ्या वाढत चालल्या होत्या आणि बीपी काही दाद देत नव्हतं. साखरही त्याचं बघून वर वर चालली होती.

त्यात मावशींना दिवसा झोप येऊ लागली. साधीसुधी नाही, बसल्या जागी मान टाकायची झोप. एकदा तिसऱ्या मजल्यावर दार उघडं, समोर स्ट्रेचरवर ऑपरेशनचा पेशंट आणि आत मावशी भिंतीला डोकं टेकून चक्क घोरतायत. नेमक्या तेव्हाच मेट्रनबाई आल्या. मेट्रनबाईंच्या जिभेला धार होती, पण खोटं बोलत नसत.

"मावशी, माझा तुमच्यावर राग नाही. पण पेशंटचा प्रश्न आहे. पुन्हा अशा दिसलात तर मला तुम्हाला लाँड्रीत पाठवावं लागेल. तिथे चादरींच्या घड्या घाला आणि खुशाल पेंगा."

चादरींचं वावडं नव्हतं त्यांना. पण चादरी बोलत नाहीत. मावशींना माणसं लागायची. कोणाला बाळ झालं, कोणाचे टाके निघाले, कोणाचा म्हातारा आज दोन घास जेवला, हे सगळं आधी त्यांना कळायचं. घरी नवऱ्याला त्या म्हणाल्या, "अहो, मला तिथून उठवलं तर मी आठ दिवसांत आजारी पडेन." नवरा म्हणाला, "आता काय धडधाकट आहेस का?" तो प्रेमानंच बोलला, पण मावशी दिवसभर फुगून बसल्या.

आणि मग एके दिवशी भर दुपारी, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध, लिफ्ट बंद पडली. आत दोघंच. मावशी आणि हृदयाचे डॉक्टर.

डॉक्टरांनी फोन केला. माणूस येतोय, वेळ लागेल, असं कळलं. मावशींनी स्टूल पुढे केलं, तर ते "तुम्ही बसा" म्हणून सरळ जमिनीवर फतकल मारून बसले. आता कोणाला कुठे पळायचं नव्हतं.

"मावशी, झोप लागते का हो तुम्हाला?"

"लागते की. टिकत नाही, एवढंच."

"का?"

मावशींचा खणखणीत आवाज एकदम खाली गेला. "उठावं लागतं. सारखंच. जरा डोळा लागला की उठा, आडवं झालं की पुन्हा उठा. नवरा म्हणतो, तू मोरीतच अंथरूण घाल."

डॉक्टर हसले नाहीत. "साखर वाढली की होतं तसं. पण इतकं? ती पांढरी छोटी गोळी दिली होती, लघवी होऊन बीपी उतरवणारी. ती कधी घेता?"

"झोपताना."

"मी सकाळी लिहिली होती."

"लिहिली होती ना. पण सकाळी घेतली की इथे दर थोड्या वेळानं जावं लागतं. लिफ्ट कोणाच्या भरवशावर सोडू? म्हणून रात्री घेते. आणि दिवसा पाणीच पीत नाही, म्हणजे कटकट नको."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, पण पाच-दहा मिनिटं लोक आपापली बटणं दाबतील की!"

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तेच तर, डॉक्टर. दाबता येतात ना त्यांना. पूर्वीच्या लिफ्टला दांडा होता. तो ओढायला माणूस लागायचा. ही बटणांची आली, आणि मला काढायचं ऑफिसच्या लक्षातच आलं नाही. मी जरा उठले, लिफ्ट माझ्यावाचून वरखाली फिरली आणि ते कोणी बघितलं, की संपलं. म्हणून मी उठतच नाही."

इतक्या वर्षांत हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "रात्री माणूस झोपला की बीपीही जरा खाली येऊन विसावतं. तुम्ही त्याला विसावूच देत नव्हता. झोप मोडली की साखरही बिथरते. आणि मी काय करत होतो, तर गोळ्या वाढवत होतो. एकदा नीट बसून विचारलं असतं तर!" त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं, आणि मावशींना उगाच त्यांचीच कीव आली.

लिफ्ट सुरू झाली. चौथा मजला आला, दार उघडलं, पण डॉक्टर उतरले नाहीत. मावशी नको नको म्हणत असताना ते थेट खाली मेट्रनबाईंकडे गेले. मेट्रनबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जायचं तेव्हा जात जा, मावशी. तेवढ्यात इमारत कोसळत नाही." बाई बोलल्या चांगल्यासाठी, पण मावशींना ते नेमकं लागलं. कोसळत नाही, हीच तर भीती होती.

पुढे दीड-दोन महिन्यांत मावशींचं बीपी ठिकाणावर आलं, साखरही हळूहळू माणसात आली, वाढवलेल्या गोळ्यांतली एक डॉक्टरांनी बंद केली आणि स्टुलावरचं घोरणं थांबलं. पण ते सगळं नंतरचं. पहिल्या दिवशी मावशींची जी तारांबळ उडाली, ती त्यांनाच ठाऊक.

सकाळी गोळी घेतली, वर पोटभर पाणी प्यायल्या, आणि दहाच्या सुमाराला जीव कासावीस झाला. अजून एक फेरी, अजून एक फेरी, असं करत शेवटी तळमजल्यावर दार उघडताच त्या उठल्या आणि तडक निघाल्या. परत येताना चपला हातात घ्यायच्याच बाकी होत्या.

येऊन बघतात तर लिफ्ट जागेवर नाही. दारावरचे आकडे कसे शहाण्यासारखे बदलत होते. दोन, तीन, चार. कुठे अडखळणं नाही की काही नाही. वर गेली, माणसं उतरवली, खाली आली. आत स्टूल कोपऱ्यात सरकवलेलं. एक वॉर्डबॉय मजेत बटणं दाबत होता. जे इतकी वर्षं लपवलं, ते सगळ्यांच्या देखत चाललं होतं.

तेवढ्यात बाजूच्या बाकावरून वैतागलेला आवाज आला. एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईपुढे हात जोडून उभी होती. "दोनदा लिफ्ट आली आणि गेली, आता तरी चल की गं!"

म्हातारी काठी घट्ट धरून बसली होती. "मला त्या डब्याची भीती वाटते. त्या बाई हात धरतात. वर जाईपर्यंत बोलत राहतात. त्या येऊ देत."

शेजारी मेट्रनबाई उभ्या होत्या. मावशींना बघून म्हणाल्या, "आलात एकदाच्या! मी हात पुढे केला, तर आजी म्हणतात, तुमचा नको."

मावशींचे डोळे भरून आले होते, ते तसेच राहू दिले. म्हातारीचा हात हातात घेतला, तिला सावकाश आत आणलं, कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्यावर तिलाच बसवलं आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. लिफ्ट खचाखच भरली.

"कुठे गेला होतात हो?" म्हातारीनं विचारलं. "मी केव्हाची थांबलेय."

"लघवीला!" मावशींनी पाचव्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "आणि आता रोज जाणार आहे."