चांदीच्या कागदाचं कव्हर

"पुस्तकाले चांदीचा कागद कोन लावते वो? चोरच लावते."

असं म्हणून लायब्ररीच्या चौकीदाराने माझी टोपली दारातच उलटी केली. शेवंती, झेंडू, गजऱ्याचा दोरा, ओलं पोतं, सगळं फरशीवर. त्यावर ते पुस्तक, चकचकीत कागदात. आत परीक्षेचा अभ्यास करणारी पोरंपोरी माना वर करून पाहत होती. कोणी हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पाहत होती.

मी अमरावतीत फुलं विकते. शाळा चौथीपर्यंत. आधी वरूडकडे आमची संत्र्याची बाग होती. माझे मालक वारले, त्यांच्या मागोमाग बाग वाळली. तेव्हा साऱ्या शिवाराच्याच बागा वाळत होत्या, पाणी खोल गेलं होतं. पण थोरले दीर चारचौघांत म्हणाले, "बाईच्या हाती गेली अन् बाग मेली." मी मान हलवली. घरात भांडण नको म्हणून. मग गावभर तेच खरं झालं. सोयरेधायरे अजून तेच बोलतात. मला उलट बोलता येत नाही, कारण बाग कशाने वाळली ते मलाच माहीत नाही.

ते समजून घ्यायला मी लायब्ररीत जायचे. दुपारी गिऱ्हाईक नसतं. फळझाडांच्या रोगांचं एक जाड पुस्तक होतं. बोट ठेवून वाचायचे. एक पान वाचायला मला फार वेळ लागतो. वाचत वाचत मुळं कुजण्याच्या धड्याशी आले होते. झाड वरून हिरवं दिसतं आणि खाली मूळ केव्हाच गेलेलं असतं, असं तिथे लिहिलं होतं. पुढे सणाच्या सुट्ट्या होत्या. लायब्ररी बंद राहणार होती. म्हणून पुस्तक घरी न्यायचं ठरवलं.

आधी टेबलाशी एक ताई बसायची. ती शिक्का मारून द्यायची. मग सगळं नवं आलं. ताई गेली, तिच्या जागी मशीन. आत जायला कार्ड, दारावर दिवा, छताला कॅमेरे. पुस्तकात चिकटवलेल्या पट्टीवरून कंप्युटरला कळतं की पुस्तक कुठे आहे. नोंद न करता नेलं तर दार ओरडतं. चौकीदार हे कौतुकाने सांगायचा, जसं काही त्यानेच बसवलं होतं.

आमच्या घरची एक रीत होती. पुस्तक हाती आलं की आधी कव्हर, मग वाचणं. माझ्या बापाला अक्षर येत नव्हतं, पण शाळा उघडली की तो सिमेंटच्या पोत्याचा कागद कापून आमच्या पुस्तकांना कव्हरं घालायचा. त्या दिवशी माझी टोपली ओली होती. लायब्ररीचं पुस्तक भिजू नये म्हणून तिथेच बसून कव्हर घातलं. गुलदस्त्याला लावतो तो चांदीचा कागद जवळ होता. पाणी लागत नाही त्याला.

मग मशीनवर कार्ड ठेवलं. पुस्तक ठेवलं. पडद्यावर इंग्रजीत काही आलं. खाली ओके होतं. ओके मला वाचता येतं. दाबलं. दारातून निघाले. दार गप्प राहिलं. मला वाटलं, झालं. पुस्तक टोपलीत ठेवताना चौकीदाराने पाहिलं.

त्याने कव्हर टराटरा फाडलं आणि पुस्तक दारात धरलं. दार ओरडायला लागलं.

"पाहा मॅडम! कागदात होतं तं चूप होतं. डोकं पाहा म्हातारीचं!"

लायब्ररी सांभाळणाऱ्या मॅडम बाहेर आल्या. म्हणाल्या, "आजी, असल्या कागदातून मशीनला पुस्तक दिसत नाही. हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"मले कोन शिकवते? भिजू नये म्हनून लावला. मशीनवर ठेवलं होतं मी. कॅमेऱ्यात पाहा ना."

"तुमच्या नावावर पुस्तक नाही. मशीन खोटं बोलत नाही."

कॅमेरा आमच्या डोक्यावरच होता. मॅडमनी मान वर केली नाही. माझ्याकडे पाहायला सगळी यंत्रं होती. माझ्यासाठी पाहायला एकही नाही.

मी खाली बसून फुलं वेचली. कोणी वाकलं नाही. चौकीदार म्हणाला, "पानी सांडलं ते पुसून घेजा." मी पोत्याने फरशी पुसली. पोरं बघत होती आणि मी पुसत होते. काय करणार होते?

माझं कार्ड बंद केलं. सुट्ट्या संपल्यावर गेले तेव्हा मॅडमनी आत बोलावून खुर्ची दिली, कोरा कागद आणि पेन दिला. आवाज गोड.

"एवढंच लिहा. पुस्तक न सांगता नेत होते, चूक झाली, माफी असावी. लगेच कार्ड सुरू करते. कुठे बोलणार नाही."

समोर कपाटात ते पुस्तक दिसत होतं. मुळांचा धडा अर्धा राहिला होता. मी पेन उचललं. माझं नाव लिहिलं. आणि थोरल्या दिरांपुढे हललेली माझी मान आठवली. एकदा भांडण नको म्हणून हो म्हटलं, ते मरेपर्यंत माझ्या कपाळी बसलं. आता पुस्तकासाठी हो म्हणायचं?

नाव खोडलं. कागद परत सरकवला.

"मी नाई लिहीन, मॅडम."

"मग कार्ड बंदच राहील, आजी."

"राहू द्या."

तेव्हापासून रोज दुपारी जाते. दारावर कार्ड ठेवते. दिवा लाल होतो. चौकीदार आधी चिडायचा, आता थकला आहे.

"काहून येता वो रोज? नाई उघडत ते."

"माहीत हाये मले."

बाग कशाने वाळली ते मला अजून कळलेलं नाही. कदाचित कळणारही नाही. ते पान आत आहे आणि मी बाहेर. पण चोर म्हणून माझ्या हाताने माझं नाव मी लिहिणार नाही. उद्याही कार्ड ठेवीन. कॅमेऱ्याखाली, तोंड वर करून.