मामंजींची अठरा गावं

लग्न होऊन मी सासरी आले तेव्हा आमच्या गावात ख्रिस्ती घरं सातच होती, तीही गावकुसाबाहेर. मामंजी, म्हणजे माझे सासरे, तिथं प्रार्थना चालवत आणि मुलांना अक्षरं शिकवत. पुढच्या दहा वर्षांत ते राणीसावरगावच्या डोंगरापर्यंत पायी हिंडले. कुणाच्या आजारात रात्रंदिवस बसले, कुणाचं मढं उचलायला कोणी येईना तिथं खांदा दिला. घराला घर लागत अठरा गावांत ख्रिस्ती मंडळी उभी राहिली. मिशनच्या गोऱ्या बाई कायमच्या मायदेशी निघाल्या, तेव्हा पिंगळीच्या स्टेशनावर त्या मामंजींना म्हणाल्या, "आता अठरा गावं तुमची." 

निजामाचं राज्य शेवटाला आलं होतं, पण ते आम्हाला कुठून कळणार? आम्हाला दिसायचं ते एवढंच, की आठवडी बाजार भर दुपारीच उठायला लागला होता. शेजारच्या गावातली घरं कुलपं घालून वऱ्हाडाकडं निघून गेली होती. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरत होत्या, आणि ख्रिस्ती वस्तीला त्या हात लावत नाहीत अशी बोलवा उठली. मग रविवारी आमच्या प्रार्थनाघरात माणसं मावेनाशी झाली. मला वाटलं, मामंजी खूश होतील. त्यांचं तर जेवणच सुटलं.

"ही वाढ न्हाई, सूनबाई," ते म्हणाले. "वावटळ आली की शेळ्या एका जागी गोळा होतात, तसं हाय हे."

एके सकाळी गावातला लिंगायत दुकानदार बायको, आई आणि दोन मुलींना घेऊन आला. याच्या दुकानात आम्ही पायरीखाली उभं राहून मीठ घ्यायचो. आज तोच आमच्या उंबऱ्यापाशी चपला काढून उभा होता.

"मास्तर, आमाला तुमच्यात घ्या. बाप्तिस्मा द्यायचा तर आत्ताच द्या," म्हणत त्यानं गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्याला हात घातला.

मामंजींनी तो हात धरला. "राहू द्या ते. भ्यालेल्या माणसाला मी बाप्तिस्मा देत न्हाई."

"मग आमी जावं कुठं?"

"जायचं कशाला? आत बसा. सूनबाई, पाणी दे यांना."

मी तांब्या पुढं केला. त्याच्या आईनं तांब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि प्याली.

चौथ्या दिवशी उन्हाच्या भरात पाच घोडेस्वार आले. त्यांचा म्होरक्या बंदूक घेऊन सरळ प्रार्थनाघरात शिरला. आत आठ-दहा घरची माणसं दाटीनं बसली होती.

"इत्ते लोगां? सब तुम्हारे हैं क्या?" त्यानं मामंजींना विचारलं.

मामंजींना खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"सगळे माझेच हायत," ते म्हणाले.

म्होरक्या एकेकाचं तोंड बघत चालला आणि दुकानदारापुढं थांबला. बंडीतून दोरा दिसत होता. दुकानदाराच्या आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी पिचली.

"नवा हाय," मामंजी घाईनं म्हणाले. "जुनं सुटायला येळ लागतो."

म्होरक्या हसला.  "ठीक है. अठरा गांवां में ऐसे नए कित्ते हैं, वो हमारे संगात चलके बताओ."

ते मामंजींना घेऊन गेले.

नवव्या दिवशी मामंजी चालत परत आले. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला होता. मी भाकरी मोडून पुढं केली, ती त्यांनी डाव्या हातानं खाल्ली. त्याच आठवड्यात नदीपलीकडच्या आमच्या एका गावात टोळी शिरली. त्यांनी मंडळीत नवी आलेली दोनच घरं नेमकी हुडकून काढली आणि जाळली. त्यातल्या एका घरचा म्हातारा पुन्हा कुणाला दिसला नाही. आमच्या गावात मात्र कुणाला धक्का लागला नाही.

राज्य बदललं. दुकानदार आपल्या घरी गेला. मग गावोगावचे मंडळीचे वडीलधारे आमच्या अंगणात जमले आणि मामंजींना म्हणाले, "तुमीच पुढं ऱ्हावा. तुमच्यामुळं माणसं वाचली."

मामंजी उभे राहिले. "देवाच्या घरात मी खोटं बोललो, त्याची मला लाज न्हाई. पुढं त्यांचा मार सोसवला न्हाई आन् खरं बोललो, त्याची हाय. दुसरा माणूस बघा."

 एकेक जण उठून गेला. पुढं दुसरा पाळक आला, पण सहा-सात गावांनी त्याला कधी मानलंच नाही.

मामंजी दर रविवारी नदी उतरून त्या जळलेल्या घरांपाशी जाऊन बसत. म्हाताऱ्याची सून समोरच नव्या कुडाला शेण लिंपत असे. तिनं त्यांना कधी आत बोलावलं नाही, की ऊठ म्हणून हाकललंही नाही.