आठव्या क्रमांकाचा फ्लेक्स

लातुरात निकाल लागला की चौकात फ्लेक्स लागतो. मी क्लासच्या मुलींसाठी मेस चालवते, त्यामुळे असे फ्लेक्स रोजच्या पाहण्यातले. एकदा आलेला क्रमांक हलत नाही, असं इथे सगळेच धरून चालतात. माझे धाकटे दीरही तसंच धरून चालले.

माझी मुलगी एमएस करायला अमेरिकेत गेली आणि तिथल्या विद्यापीठाच्या मुलींच्या आइस हॉकी संघात गोलकीपर झाली. इथे ती शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर चाकांच्या स्केटवर खेळायची. तिकडे बर्फ आणि चेंडूऐवजी रबराची जाड चकती. पहिलं वर्ष बाकावर बसून काढलं. दुसऱ्या वर्षी जागा मिळाली आणि तेच तिचं शेवटचं वर्ष. तिथे विद्यापीठांच्या संघांची क्रमवारी दर आठवड्याला निघते. हंगाम संपताना पहिल्या आठात असलेले संघच अजिंक्यपदाच्या स्पर्धेला जातात.

एक सामना उरला असताना तिचा संघ आठवा होता. तिने मला सांगितलं, मी दिरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी भाजी आणायला निघाले तर चौकात माझी मुलगी हेल्मेट काखेत घेऊन उभी. ‘अमेरिकेत आठवी! लातूरची शान!’ खाली दिरांचा फोटो, तिच्यापेक्षा जरा मोठाच.

"भाऊजी, हंगाम संपला नाही अजून."

"वहिनी, आठवा नंबर आला का न्हाई? आलेला नंबर कुणी परत घेतंय व्हय?"

"तिथे दर आठवड्याला बदलतो."

"मग पुढल्या आठवड्यात सातवी येईल. लई टेन्शन घेऊ नका."

शेवटचा सामना क्रमवारीत बऱ्याच खालच्या संघाशी होता. तिची संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. मी पोह्यांची कढई उतरवली, फोन पाण्याच्या जारला टेकवला. मेसच्या मुली प्लेटा घेऊन भोवती, दीर सगळ्यांत पुढे. एका गोलने आघाडी होती. अगदी शेवटी समोरची एक मुलगी चकती घेऊन एकटीच सुटली. माझ्या पोरीने दोन्ही गुडघे बर्फावर टाकले आणि चकती तिच्या पॅडवर आपटून बाहेर गेली. सामना जिंकला.

नवी क्रमवारी आली. संघ नववा.

"जिंकून खाली?" दीर उखडले. "ही कुठली रीत हाय?"

मेसमधली एक मुलगी म्हणाली, "काका, कमजोर टीमला हरवलं की फार काही मिळत नाही. आपल्या मागं नवव्या नंबरला होती त्या टीमनं तगड्या टीमला हरवलं, ती वर गेली. आमच्या परीक्षेतबी असंच की. आपले मार्क तेवढेच, दुसऱ्यांचे वाढले की रँक खाली."

दीर हळूच म्हणाले, "दुपारी काढतो फ्लेक्स. चौकात कुणी नसतंय तवा."

"चोरी केली का आपण? आत्ता चला."

सकाळच्या गर्दीत मी शिडी धरली, ते वर चढले. चहावाल्याने विचारलंच, "काय वहिनी, काढायलात का?"

"नववी आली. स्पर्धा हुकली."

"मग नववीचं लावा की! आमच्या पोराचं तर कितवंच लागंना."

फ्लेक्स चांगला जाड होता. मी तो गच्चीवर नेला आणि त्यावर धुतलेले गहू वाळत घातले. तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. रडून डोळे सुजले होते.

"आई, काकांनी लावलेलं काढलंस का?"

मी फोन गव्हाकडे वळवला.

"मी कुठंय?"

"खाली. पाठ कोरी होती, ती वर घेतली."

ती हसायला लागली. मग म्हणाली, "शेवटचा शॉट बघितलास?"

"बघितला. गुडघे टाकलेस तो."

"ती डावीकडे मारणार, हे मला आधीच कळलं होतं."

"कसं काय?"

ती सांगायला लागली. मी फोन कठड्यावर उभा केला आणि ऐकत ऐकत गहू पालटायला घेतले.