आयर्लंडमामांचं हिरवं तिकीट

परदेशाहून आलेलं पत्र कुणाच्या हातात दिसलं, की आयर्लंडमामा हात पुढे करत. "पाकीट द्या, पत्र तुमचं तुम्हाला!" आतल्या मजकुराशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. "आतला कागद काय, कुणीबी लिहितो," ते म्हणत, "समुद्र ओलांडतं ते पाकीट."

शिरूरच्या मिशनच्या शाळेत मामा इंग्रजी शिकवत आणि मी गणित. आयर्लंडची जुनी तिकिटं जमवायच्या नादापायी त्यांना हे नाव पडलं होतं. इंग्रज राजाच्या तोंडावरच आयर्लंडचं नाव छापलेलं तिथलं पहिलं तिकीट दाखवताना ते पोरासारखे हसत. "राज्य मिळालं, पण नवी तिकिटं छापायला सवड कुणाला? दिलं राजाच्याच थोबाडावर हाणून!"

हा खजिना यायचा दौंडहून. तिथल्या रेल्वेच्या बंगल्यात एका आयरिश ड्रायव्हरची म्हातारी विधवा राहत असे. तिचे निम्मे नातलग आयर्लंडात, निम्मे अमेरिकेत. त्यांनी एकमेकांना अटलांटिकपार बोटीनं धाडलेली पत्रं वारशानं तिच्या ट्रंकेत आली होती. मामा सुट्टीला जाऊन तिला बायबल वाचून दाखवत आणि एखादं पाकीट घेऊन येत. त्यावरच्या बोटीच्या शिक्क्यावर बोट ठेवून ते असं काही सांगत, की घोडनदीच्या काठावर बसून आम्हाला बोट लागायची.

मामी मांडवगणच्या, अक्षरशत्रू. मामांनी त्यांना दोनच गोष्टी शिकवल्या होत्या: साधं तिकीट कोमट पाण्यात भिजवून अलगद सोडवायचं, आणि बोटीच्या पाकिटाला कात्री लावायची नाही, नाहीतर त्याची किंमत मातीमोल. त्यांचा एकुलता एक शमुवेल मामांच्या बोटींच्या गोष्टी ऐकतच वाढला आणि एक दिवस मुंबईला जाऊन बोटीवर खलाशी झाला. सुरुवातीला एडनहून पत्रं आली, मग बंद झाली. मामी रोज कुंपणाशी उभ्या राहून टपालवाल्याला विचारत, "शमूचं काय हाय का?" मामा मात्र पाकिटांत डोकं खुपसून बसत. मला त्यांचा राग येई. पुढं कळलं, की बोटींचे शिक्के चाळता चाळता ते पोरालाच शोधत होते.

एका संध्याकाळी शाळेतून आम्ही दोघं त्यांच्या घरी आलो, तर मामींचा चेहरा फुललेला. "तुमच्या आयर्लंडच्या हिरव्या नकाशाचं तिकीट आलंया. टपालवाला कुंपणात खोचून गेलता, दौंडच्या बाईनं धाडलं असंल. मी एकटीनं सोडवलं. कात्री न्हाई लावली, पाकीट आख्खंच पाण्यात घातलं!"

पाटावर तिकीट सुकत होतं, अगदी स्वच्छ. परातीतलं पाणी निळं झालं होतं. मामांनी तळाचा लगदा उचलून हलक्या हातानं उलगडला. एका घडीत तेवढी मराठी अक्षरं शिल्लक होती: 'प्रिय आईबाबा'. बाकी सगळं पत्र परातीत उतरलं होतं.

"बिघडलं का काय?" मामींनी विचारलं.

मामांनी लगदा मुठीत धरला. "न्हाई गं. लई ब्येस सोडवलंस."

मला कुंपणापाशी नेऊन ते म्हणाले, "मास्तर, तिला कळू देऊ नका. वाट बघती तवर जगंल. आतला कागद कामाचा न्हाई, हे मीच तिला जन्मभर शिकवलं." मग ते कुंपणाचा खांब धरून रडले.

तिकिटावरचा शिक्का पुसला नव्हता. त्यावरच्या बंदराच्या नावावरून मामांनी तिथल्या अधिकाऱ्यांना लिहिलं, चर्चलाही लिहिलं. उत्तर आलं, की हिंदी खलाशी असलेली एक बोट येऊन गेली होती. पुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यानंतर मामा दौंडला गेले नाहीत. आमच्याशी बोलणंही कमी होत गेलं. पुढच्या थंडीत ते गेले, आणि मिशनच्या दफनभूमीत आम्ही त्यांना माती दिली.

नंतर मामींना भेटायला गेलो. त्यांनी बायबलमधून ते तिकीट काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

"हे मी सोडवलेलं. त्यांचं लई लाडकं बघा. रोज हातात घ्यायचे आन् त्यांचं डोळं भरून यायचं. येवढ्या तिकिटांत माझंच त्यांना आवडलं."

मी मान हलवली. निघालो तेव्हा त्या नेहमीसारख्या कुंपणापर्यंत आल्या.

"मास्तर, वाटंत टपालवाला दिसला का?"